राग ठेवायचा कुठे?

वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही म्हण आपण हसत हसत वापरतो. कचेरीत साहेब बोलला की त्या दिवशी घरची आमटी हटकून अळणी लागते. सासूने टोमणा मारला की सुनेच्या हातून पोराच्या पाठीत धपाटा बसतो, आणि पोर अंगणात जाऊन निजलेल्या कुत्र्याला लाथ घालते. म्हणीतली सगळी गंमत वडा आणि वांगे यांच्या अनुप्रासात आहे. पण वांग्याच्या बाजूने ती म्हण कुणी कधी बोलून पाहिली आहे काय? ज्याने काही केले नाही, ज्याला काही ठाऊकही नाही, त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा राग येऊन कोसळतो, तेव्हा त्यात हसण्यासारखे काही राहत नाही.

या साध्या म्हणीच्या पोटात दोन अवघड प्रश्न आहेत. ज्याने आपले वाईट केले तो हाताशी नसेल, तर आपल्या रागाचे करायचे काय? आणि तो हाताशी आलाच, तर मग काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी कधी बसलो नाही. मॅट्रिक झालो आणि मुलांना शिकवू लागलो. पुढचे शिक्षण मुलांनीच दिले. हे दोन प्रश्न मला अलीकडे सर्वांत स्वच्छ मांडलेले दिसले तेही मुलांमुळेच, आणि दिसले ते एका जपानी चित्रमालिकेत. तिचे नाव ‘नारुतो’. वर्गातल्या वह्यांच्या मागच्या पानांवर एका पानाचे, मधोमध वेटोळे असलेले चिन्ह वारंवार दिसू लागले, म्हणून मी चौकशी केली. चौकशीचे रूपांतर पाहण्यात झाले आणि त्या पाहण्यात दोन पावसाळे गेले. कारण मालिकेचे भाग आहेत एकूण ७२०.

ज्या आजोबा-आजींनी आपल्या नातवंडांच्या तोंडून हे नाव नुसतेच ऐकले आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. मासाशी किशिमोतो हा चित्रकथाकार १९७४ साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मला. त्याचा जुळा भाऊही चित्रकथाकारच आहे. १९९९ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात ही कथा सुरू केली आणि २०१४ साली ७०० प्रकरणांनंतर ती संपवली. पंधरा वर्षे दर आठवड्याला लिहायचे आणि काढायचे, या कामाची कल्पना कादंबरीचे एकेक प्रकरण घाम गाळून लिहिणाऱ्या मला थोडीफार येऊ शकते! तिच्यावरची चलत्‌चित्रांची मालिका पिएरो या संस्थेने केली. तिचे पहिले पर्व २००२ ते २००७ असे चालले आणि दुसरे २००७ ते २०१७ असे. जपानी शेवयांच्या कढणात माशाच्या लगद्याची एक पांढरी चकती घालतात. तिच्या मधोमध गुलाबी वेटोळे असते. त्या चकतीला नारुतो म्हणतात. म्हणजे नायकाचे नाव हे असे ताटातले आहे, आणि ‘उझुमाकी’ या त्याच्या आडनावाचा अर्थ भोवरा.

कथा आहे निंजांची, म्हणजे गुप्तपणे लढणाऱ्या योद्ध्यांची. कोनोहा नावाच्या गावावर एके रात्री नऊ शेपट्यांचा एक प्रचंड कोल्हा चालून येतो. घरे पडतात, माणसे मरतात. गावाचा प्रमुख आपला प्राण देऊन त्या कोल्ह्याला कोंडतो, आणि कोंडतो कुठे, तर त्याच रात्री जन्मलेल्या एका अर्भकाच्या देहात. ते अर्भक त्याचे स्वतःचेच असते. त्याची बायकोही त्याच रात्री जाते. या पोराकडे गावाने आपला रक्षणकर्ता म्हणून पाहावे, अशी मरणाऱ्या बापाची इच्छा होती. वृद्ध प्रमुख पुन्हा कारभार हाती घेतो आणि फर्मान काढतो, की पोराच्या पोटात काय आहे हे कुणी बोलायचे नाही. पुढच्या पिढीला ते कळू द्यायचे नाही.

फर्मान सर्वांनी पाळले. कुणी बोलले नाही. पण फर्मानाने जिभा बांधता येतात, डोळे बांधता येत नाहीत. मोठी माणसे त्या पोराकडे ज्या नजरेने पाहत ती नजर लहान मुलांनी उचलली. का टाळायचे हे त्यांना माहीत नव्हते. टाळायचे एवढे समजले. शिक्षकाच्या धंद्यात हे रोज दिसते. मुलांना आपण जे शिकवतो त्यातले निम्मे ती विसरतात, पण आपण काय पाहून नाक मुरडतो, हे त्यांच्या चांगले लक्षात राहते. नारुतो वाढतो तो एकटा. झोपाळ्यावर एकटा बसतो, भिंतींवर रंग फासतो, खोड्या करतो, शाळेच्या अखेरच्या परीक्षेत तीनदा नापास होतो. कुणी शिव्या घालण्यासाठी का होईना आपल्याकडे पाहावे, एवढीच त्याची धडपड असते.

या शाळेत इरुका नावाचा एक मास्तर आहे. मला या सगळ्या मालिकेत सर्वांत मोठा माणूस वाटतो तो हाच. त्याला फार मोठ्या विद्या येत नाहीत, तरीसुद्धा. त्याचे आईबाप त्या रात्री कोल्ह्याशी लढताना मेलेले आहेत. अनाथपणी तोही वर्गात विदूषकी चाळे करीत असे, लोकांनी आपल्याकडे बघावे म्हणून. असा हा मनुष्य नारुतोला हजेरीत रोज समोर पाहतो. पहिल्याच भागात एक दुष्ट सहकारी नारुतोला त्याच्या जन्माचे गुपित सांगून टाकतो, इरुकाही मनातून तुझा द्वेषच करतो असे बजावतो आणि त्याच्यावर एक भले मोठे अस्त्र फेकतो. ते अस्त्र इरुका आपल्या पाठीवर घेतो. पुढे तो म्हणतो त्याचा आशय असा, की माझ्या आईबापांना मारणारा तो कोल्हा. हे पोर निराळे आहे, हे माझ्या गावचे नारुतो उझुमाकी आहे. मग तो आपल्या कपाळाची पट्टी सोडून पोराच्या कपाळी बांधतो आणि त्याला उत्तीर्ण करतो.

याला लोक क्षमा म्हणतात. मला ते बरोबर वाटत नाही. क्षमा करायला आधी गुन्हेगार लागतो, आणि नारुतोने कसला गुन्हा केला होता? इरुकाने जे केले ते क्षमेच्या एक पायरी अलीकडचे आहे. त्याने भांडे आणि भांड्यातला पदार्थ वेगळे करून पाहिले. ही पायरी सोपी दिसते, पण गावातल्या शेकडो माणसांना बारा वर्षांत ती चढता आली नाही. याचे कारण ती माणसे वाईट होती असे नव्हे. त्यांचा राग खरा होता, त्यांची माणसे खरोखर मेली होती. पण कोल्हा कुलुपात होता आणि पोर रस्त्यावर हिंडत होते. राग हा पाण्यासारखा उताराकडे धावतो. अपराध कुठे आहे हे तो विचारीत नाही, हात कुठवर पोचतो एवढेच पाहतो.

हे काही जपानातल्या काल्पनिक गावातच घडते असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एक पतसंस्था बुडाली. तिचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गात होता. गावातल्या कितीतरी घरांच्या ठेवी तिच्यात होत्या. कुणाच्या मुलीच्या लग्नाच्या, कुणाच्या विहिरीच्या, कुणाच्या औषधपाण्याच्या. माझेही शिकवण्यांतून साठवलेले पैसे तिच्यात होते. गृहस्थ कोठडीत गेले, म्हणजे लोकांच्या हाताबाहेर गेले. मुलगा मात्र रोज शाळेत येत होता. मधल्या सुट्टीत पोरे त्याच्याकडे पाठ करून डबा उघडू लागली. ती कुणी शिकवली नव्हती. घरी दिवाणखान्यात चाललेले बोलणे त्यांनी ऐकले होते. एके दिवशी तो मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. कुणीतरी त्याच्या दप्तरात चिठ्ठी टाकली होती. तीवर आपल्या आजीच्या ठेवीचा आकडा लिहिला होता, एवढेच.

“गुरुजी,” त्याने विचारले, “हे मी मोठा झाल्यावर फेडले तर चालेल का?”

मी चिठ्ठी मागून घेतली आणि म्हणालो, “हा हिशेब तुझा नाही. जागेवर जाऊन बस.” दुसरे काय बोलणार? पण त्याच आठवड्यात ठेवीदारांनी न्यायालयात जो दावा लावला त्यावर इतरांबरोबर मीही सही केली. या दोन गोष्टींत मला विसंगती दिसली नाही, आजही दिसत नाही. आजीचे पैसे गेले हे खरे आहे, ते कुणी तरी द्यायचे आहेत हेही खरे आहे. ते त्या पोराने द्यायचे नाहीत, हेही तितकेच खरे आहे. न्याय मागणाऱ्याने आधी पत्ता बरोबर लिहिला पाहिजे. नाहीतर पत्र भलत्याच दारी पडते.

येथवर वांग्याची बाजू झाली. आता वड्याची. खरा अपराधीच समोर उभा राहिला तर?

जपानी संस्कृतीने या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, सामुराईला आपल्या बापाच्या मारेकऱ्याचा सूड घेण्याची सरकारातून रीतसर परवानगी मिळत असे. आधी नोंद करायची, मग मारेकऱ्याला शोधत देशभर हिंडायचे. याला काताकिउची म्हणत. गंमत अशी, की अशा रीतीने मारल्या गेलेल्याच्या मुलाने उलट सूड घेण्यास मात्र बंदी होती. सूड ही साखळी आहे, तिला दुसरी कडी जोडू दिली तर ती कधीच संपणार नाही, हे सूडाला परवानगी देणाऱ्यांनाही कळत होते! आपल्या मृत धन्यासाठी १७०३ साली सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा तेथे घरोघर ठाऊक आहे. त्यांनी परवानगी घेतली नव्हती, म्हणून त्यांना आत्मघाताची शिक्षा झाली. तरीही तोक्योतल्या सेंगाकुजी मंदिरातल्या त्यांच्या थडग्यांपुढे लोक आजही उदबत्त्या लावतात. काताकिउचीवर कायद्याने पूर्ण बंदी आली ती १८७३ साली. म्हणजे ज्या मातीत ‘नारुतो’ उगवली तिथे सूड हा दुर्गुण म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून शेकडो वर्षे नांदला होता.

मालिकेत हे कर्तव्य सासुके नावाच्या मुलाच्या वाट्याला येते. त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, इताचीने, सगळ्या उचिहा कुळाची कत्तल केलेली असते. सासुके त्या एका सूडासाठी जगतो, गाव सोडतो, मित्र तोडतो. शेवटी भावाशी झुंज होते आणि भाऊ मरतो. मग कळते, की कत्तलीचा हुकूम गावाच्या कारभाऱ्यांकडून आला होता, आणि बंड व यादवी टाळण्यासाठी भावाने तो पत्करला होता. सासुकेचा सूड संपतो काय? नाही, तो भावावरून उठून गावावर जाऊन बसतो. सूडाचे हे एक लक्षण आहे: त्याला लक्ष्य मिळाले की त्याची भूक भागत नाही, तो पुढचे लक्ष्य शोधतो.

मालिकेचा खरा कस लागतो तो नागातोच्या प्रसंगी. नागातो लहान असताना दोन बलाढ्य राज्यांच्या युद्धात त्याचे आईबाप मारले गेले, आणि मारणारे कोनोहाचेच योद्धे होते. त्याच गावच्या जिराइया नावाच्या योद्ध्याने त्या अनाथ पोराला तीन वर्षे विद्या दिली. पुढे युद्धाने त्याचा जिवलग मित्रही हिरावला. मोठेपणी नागातोने आपल्या त्याच गुरूला मारले आणि कोनोहा गाव एका प्रहारात मातीला मिळवले. जिराइया हा नारुतोचाही गुरू. दोघे गुरुबंधू समोरासमोर येतात आणि नागातो विचारतो: तुझ्या गावाने माझी माणसे मारली, मी तुझी मारली, आता तू मला मारशील आणि त्याला न्याय म्हणशील. मग शांतता आणणार कशी? सांग.

एखाद्या सामान्य लेखकाने येथे नायकाच्या तोंडी लांबलचक व्याख्यान घातले असते. किशिमोतोचा नारुतो म्हणतो, मला उत्तर येत नाही. पुढे तो नागातोच्या प्रत्यक्ष पुढ्यात जाऊन उभा राहतो आणि कबूल करतो, की मी तुला क्षमा करू शकत नाही. तुला मारावेसे वाटून माझे अंग थरथरते आहे. आणि तरीही तो मारीत नाही. आपला गुरू माणसे एकमेकांना समजून घेतील अशा दिवसाची वाट पाहत होता, आपणही त्या भरवशावर राहायचे ठरवले आहे, एवढेच तो सांगतो.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, तो ‘क्षमा करवत नाही’ या कबुलीमुळे. आपण मुलांना सांगतो, क्षमा कर. जणू क्षमा म्हणजे नळ आहे, फिरवला की वाहू लागावा. क्षमा ही मनात उगवायची गोष्ट आहे. कधी वीस वर्षांनी उगवते, कधी उगवतच नाही. तिच्यासाठी कुणावर सक्ती करणे म्हणजे दुखावलेल्या माणसावर आणखी एक ओझे ठेवणे आहे. हात आवरणे मात्र आजच्या आज करता येते. माणूस मनातून जळत असतानाही हात आवरू शकतो. समाजाला उभे राहायला क्षमा मिळाली तर उत्तमच; पण आवरलेल्या हातांवाचून मात्र त्याला एक दिवसही उभे राहता येणार नाही.

येथे एक शंका घेतली पाहिजे, आणि ती माझ्या विद्यार्थ्यांपैकी एका मुलीने घेतली. नारुतोचे उत्तर ऐकून नागातोचे मन पालटते आणि तो आपला प्राण वेचून त्या दिवशी मेलेल्या गावकऱ्यांना पुन्हा उठवतो. ती म्हणाली, “गुरुजी, सगळे परत आले, मग राग जाणारच ना? नसते आले तर?” तिच्या प्रश्नापुढे कथाकार खरोखर थोडा उणा पडतो. नारुतो हात आवरतो तेव्हा कुणी परत येईल हे त्याला ठाऊक नसते, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण गावाची परीक्षा झालीच नाही. आपल्याकडेही अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या पोटात मेलेला परीक्षित श्रीकृष्णाने जिवंत केला. मात्र महाभारतकारांची नजर कठोर आहे. तोच परीक्षित पुढे तक्षकाच्या दंशाने मेला, आणि त्या वेळी तो परत आला नाही. मग त्याच्या मुलाने, जनमेजयाने, एका तक्षकासाठी जगातले सगळे साप आगीत ओढायचे सत्र मांडले. ते थांबवले आस्तिकाने, ज्याची आई नागकुळातली होती. म्हणजे मेलेला परत आला नाही की काय होते, हे आपल्या पूर्वजांनी नीट लिहून ठेवले आहे.

म्हणून मी पुन्हा इरुकाकडे वळतो. त्याचे आईबाप परत आले नाहीत. मालिकेच्या ७२० भागांत कधीच आले नाहीत. कुणी त्याची भरपाई केली नाही, कुणी त्याची माफी मागितली नाही. जगात बहुतेकांची स्थिती इरुकाचीच असते. आणि पुढे तर असे उघड होते, की त्या रात्री कोल्हाही आपल्या मर्जीने आला नव्हता. एका मुखवटेधारी माणसाने त्याला विद्येच्या बळाने वश करून गावावर सोडले होते. त्या कोल्ह्याला कुरामा असे नाव होते, आणि शेकडो वर्षांत ते त्याला कुणी विचारले नव्हते. ज्यांनी पोराचा द्वेष केला त्यांचा पत्ता तर चुकलाच होता. ज्यांनी कोल्ह्याचा केला त्यांचाही पुरता बरोबर नव्हता.

मग अपराधी कुणीच नाही की काय? तसे म्हणणे हा दुसरा आळस होईल. मुखवट्यामागच्या माणसालाही दुःख होते, पण दुःखाने कारण कळते, जबाबदारी सुटत नाही. आपल्या वाट्याचे दुःख प्रत्येकाला क्षमा करता येते, शेजाऱ्याच्या वाट्याचे नाही. आजीची ठेव मी माफ करू शकत नाही. ती आजीच करील, किंवा करणार नाही. मी करू शकतो ते इतकेच, की तिचा आकडा एका पोराच्या दप्तरात राहू देत नाही आणि तो जिथे द्यायचा त्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत जातो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नरकचतुर्दशी आली असेल. कोकणात आणि गोव्यात त्या पहाटे नरकासुर म्हणून कारीट पायाखाली फोडतात. एवढ्या मोठ्या असुरावरचा राग एका कडू फळात ठेवून मोकळे व्हायचे, ही किती शहाणी रीत आहे! पण त्या कथेचा पुढचा भाग आपण मुलांना क्वचितच सांगतो. नरकासुर मेल्यावर भूदेवी त्याच्या भेदरलेल्या मुलाला, भगदत्ताला, पुढे करते आणि श्रीकृष्ण त्याला अभय देतो. बापाचा हिशेब बापापाशी संपतो. हा भगदत्त पुढे कुरुक्षेत्रावर कौरवांच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने अर्जुनावर सोडलेले अस्त्र श्रीकृष्णालाच आपल्या छातीवर घ्यावे लागले. अभय दिलेले पोर कृतज्ञ निघेल अशी हमी कुणी दिलेली नाही. तरी त्या दिवशी, त्या भेदरलेल्या पोराच्या बाबतीत, दुसरे काही करणे योग्य झाले असते असे मला वाटत नाही. यंदा कारीट फोडून झाल्यावर मुले फराळाला बसतील, तेव्हा त्यांना भगदत्ताचीही गोष्ट सांगा.